पंच्याचा पंचनामा

“लिहून घे, गायकवाड,” फाटक म्हणाले. “माधव शंकर फाटक हा माणूस नव्हे, ती एक नजर आहे.”

“चष्म्यासकट?” मी विचारलं.

“चष्म्यासकट. पुढे लिही. या नजरेतून नारायण पेठेतलं मांजरसुद्धा सुटत नाही. गुन्हेगार तिला चळाचळा कापतात. वास, डाग आणि थाप या तीन गोष्टी ती लांबून ओळखते.”

नेमकं त्या वेळी एक मांजर त्यांच्या पाठीमागच्या खिडकीत बसून ओट्यावरच्या दुधाचा अंदाज घेत होतं. मी ते लिहिलं नाही. साहेबांच्या टिपणात काय लिहू नये, हे मला एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत चांगलं समजलंय.

आम्ही दोघं एकाच खात्यातून निवृत्त झालो. फाटक आवक बघायचे, मी, रामदास गायकवाड, जावक. खातं सुटलं तरी व्यवस्था तीच राहिली आहे. त्यांच्या डोक्यात जे येईल ते बाहेर नेऊन निस्तरायचं काम माझ्याकडे. आमची दारं समोरासमोर आहेत. त्यांच्या दारावर पाटी आहे: “मा. शं. फाटक, खाजगी गुप्तहेर. बेल एकदाच वाजवावी, आम्हाला ऐकू येते. गुन्हेगारांनी चपला बाहेर काढाव्यात.”

आजवरच्या यशाबद्दल म्हणाल, तर मागच्या वर्षी त्यांनी जिन्यातल्या बल्बच्या चोरीचा छडा लावला. बल्ब जागेवरच होता. उडाला होता.

त्या आठवड्यात सुनीतीवहिनी, म्हणजे फाटकांच्या पत्नी, आठ दिवसांसाठी वाघोलीला लेकीकडे गेल्या होत्या. जाताना त्या घरभर चिठ्ठ्या चिकटवून गेल्या होत्या. गॅसच्या वर: “दूध तापताना समोर उभे राहणे. समोर म्हणजे गॅससमोर, टीव्हीसमोर नव्हे.” मोरीत: “निळा साबण कपड्यांचा. गुलाबी अंगाचा. शंका आल्यास फोन करणे, प्रयोग करू नयेत.”

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दोनदा वाजली. फाटकांनी दुसरीकडे दुर्लक्ष केलं आणि पहिलीला दार उघडलं.

दारात अवनी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शौनकची मुलगी, इयत्ता सातवी. चपला बाहेर काढूनच उभी होती.

“फाटक आजोबा, तुम्ही हरवलेल्या गोष्टी शोधता ना?”

“हरवलेल्या, लपवलेल्या आणि मुळात नसलेल्या,” मी म्हणालो.

“गायकवाड, मध्ये बोलू नकोस. बोल बाळ. काय हरवलंय?”

“हरवलं नाहीये. सापडत नाहीये. मला विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग हवाय.”

“प्रयोग? किती अंकी?”

अवनीने त्यांच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. तिने दप्तरातून शाळेची सूचना काढली. खाली सलोनी टीचरांची सही होती. टीचर सदाशिव पेठेतल्या असाव्यात, असा माझा स्वतःचा तर्क आहे, कारण सूचनेत लिहिलं होतं: “प्रकल्प सोपा, स्वस्त, घरातल्या वस्तूंचा आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेला असावा. पालकांनी केलेले प्रकल्प पालकांच्या नावाने मांडले जातील. शनिवारी सकाळपर्यंत प्रकल्पाचे नाव न दिल्यास विद्यार्थ्यास प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांना पाणी देण्याचे काम मिळेल. तेही मनापासून करावे.”

“मागच्या वर्षी पप्पांनी ऑनलाइन ज्वालामुखी मागवला,” अवनी सांगू लागली. “तयार. नुसतं बटण दाबायचं. परीक्षक आले, त्यांनी विचारलं, यात काय घातलंय? मी म्हटलं, मला माहीत नाही, पप्पांनी घातलंय.”

“मग?”

“मग सगळे हसले. टीचरसुद्धा. नंतर म्हणाल्या, सॉरी. पण आधी हसल्या. वर्गात अजून मला ‘पप्पांनी घातलंय’ म्हणतात.” तिने नाक ओढलं. “यंदा पप्पा म्हणतायत, सौरमाला मागवू, फिरते. मला नकोय. मला असं काहीतरी हवंय, की कुणीही काहीही विचारलं तरी मला सांगता येईल. नाही मिळालं तर मी पाणी वाटेन. पण सगळ्यांच्या समोरून ट्रे घेऊन फिरायचं, आजोबा...”

तिने सूचनेची घडी घालायला सुरुवात केली. मला वाईट वाटलं. फाटकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुसला.

“गायकवाड, लिही. बेपत्ता: एक प्रकल्प. वर्णन: सोपा, स्वस्त, अंगाने घरगुती. शेवटचा कुठे दिसला: कुठेच नाही. शनिवारच्या आत हजर करतो. ही माझी जबाबदारी.”

बुधवारी फाटकांनी संशयितांची यादी केली. ज्वालामुखी पहिल्याच फटक्यात बाद झाला. “सराईत आहे. दर वर्षी प्रत्येक शाळेत पकडला जातो, पुढच्या वर्षी पुन्हा हजर.” पवनचक्कीचं मॉडेल थर्माकोलचं असतं आणि थर्माकोल तडीपार आहे, म्हणून तीही गेली. दिवे लावलेलं स्मार्ट शहर त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारांत टाकलं. दिसायला सभ्य, पण खर्चात घालतं.

दोन आरशांचा पेरिस्कोप अवनीनेच पुठ्ठ्याच्या खोक्यातून केला. उत्तम झाला. पण टीचरांना फोन केला तेव्हा कळलं की तो आधीच चौघांनी दिलाय. फाटकांनी तो ‘खात्याच्या कामासाठी’ ठेवून घेतला. मग लिंबांवर दिवा लावायचं ठरलं. चार लिंबं, तारा, खिळे, सगळं जोडलं. दिवा काही लागला नाही.

“मला वाटतं लिंबं कट करून फुटली आहेत,” फाटक म्हणाले.

“आजोबा, लिंबं अर्धी तुम्हीच कापलीत. म्हणालात, आत काय आहे बघू.”

उरलेली लिंबं फ्रिजमध्ये गेली. शेवटी सरळ, गरीब, निरुपद्रवी अशी मटकी पुढे आली. एक वाटी उजेडात, एक अंधारात, कुठली लवकर मोड आणते ते बघायचं. खर्च जवळजवळ नाहीच. अवनी खूश झाली. फाटकांच्या घरात काहीही ठेवणं धोक्याचं, म्हणून दोन्ही वाट्या माझ्या स्वयंपाकघरात ठेवल्या. अवनीने वहीत रकाने आखले, शाळा आणि झोप सोडून दर चार तासांनी येऊन मोड मोजले. गुरुवारी दुपारी तिने टीचरांना द्यायचं नावसुद्धा ठरवलं: ‘मोड येई उजेडी’.

माझी पत्नी शैला अजून नोकरीत आहे. ती गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आली, ओट्यावर मटकीच्या दोन वाट्या बघितल्या आणि तिने तेच केलं जे महाराष्ट्रातली कुठलीही सुगरण करील. मी जेवायला बसलो तेव्हा पेपरातलं कोडं सोडवत होतो. तीन पोळ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं, उसळ आज फार छान झालीये.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता अवनी शाळेतून थेट माझ्याकडे आली. त्याच वेळी फाटकही माझ्याकडे बसले होते. त्यांचा आवाज बसला होता. लिहून घ्यायला सांगून सांगून बसला असावा.

“रामदास आजोबा, वाट्या कुठायत?”

मी घशातून काहीतरी आवाज काढला. फाटकांनी माझ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, मग कढईकडे बघितलं. तो त्यांच्या आयुष्यातला पहिला अचूक तर्क होता आणि तो माझ्यावर चालावा हे माझं नशीब.

“आजोबा,” अवनी हळू म्हणाली, “माझा प्रकल्प तुम्ही पोळीबरोबर खाल्लात?”

“पोळ्या तीनच होत्या,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं इतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नसेल.

ती रडली नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे तिने वही मिटली. “असू दे. उद्या सकाळी नाव द्यायचंय. आता मोड यायला वेळ नाही. मी ट्रे धरायची प्रॅक्टिस करते.” आणि तिने माझ्या टीपॉयवरचा ट्रे खरोखरच उचलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाटक उठून समोर आपल्या घरी गेले. अर्ध्या मिनिटात तिकडून आरोळी आली.

“गायकवाड! रक्त!”

बसलेल्या घशातून इतका आवाज निघाला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आम्ही दोघं धावलो. फाटक मोरीच्या दारात उभे होते आणि त्यांचं बोट बादलीकडे होतं. बादलीच्या कडेवर त्यांचा पंचा लोंबत होता. पांढऱ्या पंच्यावर हातभर लाल डाग पसरला होता.

“कुणालाही हात लावू देऊ नकोस,” ते म्हणाले. “पंचनामा करायचा आहे.”

“पंच कुठून आणायचे?”

“पंच नसले तर नसू देत. पंचा आहे. लिही! मी पावणेतीन वाजता सदर पंच्याला स्वतः साबण लावला...”

“तुम्ही? स्वतः?” मी पेन थांबवलं.

“सुनीती नाही म्हटल्यावर कोण लावणार? चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा लावला. निळा साबण, चिठ्ठीत आहे तसा. लावला, न बघताच पंचा बादलीवर टाकला, मोरीला बाहेरून कडी घातली, घराला कुलूप लावलं आणि तुझ्याकडे आलो. परत येतो तर हे! गायकवाड, कुलूप शाबूत. कडी शाबूत. खिडकीला गज. बंद मोरीत माझ्या पंच्यावर कुणीतरी हल्ला केला आहे!”

त्यांनी चिमट्याने पंचा उचलला. तो बारा वर्षांचा असल्यामुळे त्याच्या चारी बाजूंनी दोरे सुटले होते. इतके धागेदोरे त्यांच्या हाती एकदम कधीच लागले नव्हते.

“साबण लावायच्या आधी डाग होता का?” अवनीने विचारलं.

“हा प्रश्न अनावश्यक आहे,” फाटक जरा घाईने म्हणाले. “लहान मुलांनी तपासात पडू नये.”

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण मोरीत ते मुरणारच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या पुष्करवर आला. पुष्कर कंपनीत कामाला आहे आणि कंपनी त्याच्या घरातच आहे. फाटकांनी खिडकीच्या गजांतून अवनीचा पेरिस्कोप बाहेर काढला, वरच्या गॅलरीत रोखला आणि दबक्या आवाजात म्हणाले, “हातात पेला. पेल्यात लाल द्रव. पितोय! गायकवाड, तो पितोय!”

वरून पुष्करने खाली वाकून बघितलं. “काका, बीटरूट ज्यूस आहे. प्री-वर्कआउट. आणि तुमचा खोका मला दिसतोय.”

“सांडलास का तू तो?”

“काका, तुमची मोरी आतल्या बाजूला आहे. ज्यूस कॉर्नरवरून टर्न घेऊन आत येईल का? लॉजिक लावा ना जरा.”

फाटकांनी पेरिस्कोप आत घेतला. “फार उलट बोलतो. निर्दोष माणूस इतका बोलत नाही.” पण त्यांनी बीटावर काट मारली.

दुसरा संशय अवनीच्या बाबांवर. हा तर्क मात्र मला आवडला. मागच्या वर्षीच्या ज्वालामुखीतला लाल रंग अजून शौनकच्या माळ्यावर असणार. मुलीचा स्वस्त प्रकल्प फसला की फिरती सौरमाला मागवायला तो मोकळा. म्हणजे हेतू आहे, हत्यार आहे. फक्त शौनक सकाळपासून हिंजवडीत आहे, हे एक राहिलं.

“ते त्याने मुद्दाम केलं असेल,” फाटक म्हणाले.

“ऑफिसला जाणं?”

“शुक्रवारी कोण जातं?”

तिसरा संशयित मी होतो. “पुरावे नष्ट करण्याची तुझी सवय कालच सिद्ध झाली आहे,” ते थंडपणे म्हणाले. तेही मी लिहून घेतलं.

सहा वाजता फाटकांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. खटला उलगडायची ही त्यांची पद्धत आहे. संशयित एका रांगेत उभे करायचे आणि एकेकाच्या डोळ्यांत बघायचं. शौनक लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन नुकताच आला होता. पुष्कर कानातलं एकच यंत्र काढून उभा होता. मी होतो. अवनी पायरीवर बसली होती, वही मांडीवर मिटलेली.

“सज्जनहो,” फाटक पंचा चिमट्यात धरून म्हणाले, “तुमच्यापैकी एक जण...”

“वाट द्या हो जरा,” खालून आवाज आला. शैला भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. “काय चाललंय? कुणी गेलं का?”

“वहिनी, आपण आत जावं. इथे रक्ताचं प्रकरण आहे.”

शैलाने पंच्याकडे बघितलं. पुरता एक सेकंदसुद्धा बघितलं नसेल.

“रक्त कसलं, भाऊजी? हळदीचा डाग आहे. साबण लागला की हळद लाल होते.”

चिमट्यातला पंचा वीतभर खाली आला.

“असं कोण म्हणतं?” फाटकांनी विचारलं.

“ज्यांनी ज्यांनी कपडे धुतलेत त्या सगळ्या म्हणतात.”

आम्ही चौघा पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. शौनकच्या घरी बाई येते. पुष्करचे कपडे एक ॲप नेतं आणि आणतं. माझ्याकडे मशीन आहे आणि मी फक्त वाळत घालतो. चौघांनी मिळून आजवर हाताने धुतलेला असा हा एकच पंचा होता.

“अशक्य!” फाटक म्हणाले. “पिवळी वस्तू लाल होईल? पी हळद अन् हो गोरी ऐकलंय, हो लाल हे मी पहिल्यांदा ऐकतोय. आणि मुळात माझ्या पंच्यावर हळद येईलच कशी?”

शैलाने पिशवी खाली ठेवली. तिने फाटकांच्या घशाकडे बघितलं, मग त्यांच्या उघड्या दारातून आत ओट्याकडे. “घसा बसलाय तुमचा. म्हणजे हळद घालून दूध केलंत. शेगडीच्या पायाशी अजून पिवळं वाळलंय. दूध उतू गेलं. ओटा पंच्याने पुसलात. मग वहिनींना कळू नये म्हणून पंचा धुवायला घेतलात. बरोबर?”

नजर नावाची जी काही वस्तू नारायण पेठेत होती, ती त्या क्षणी जमिनीकडे वळली.

“मी पाच मिनिटंच टीव्हीसमोर गेलो होतो,” फाटक पुटपुटले.

पुष्कर हसू लागला, शौनक हसला, मीही हसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच स्वतःचा खटला स्वतः चालवत होता. फक्त अवनी हसली नाही. ती पायरीवरून उठली होती आणि पंच्याच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत होती.

“शैलाआजी, हा परत पिवळा होतो?”

“ते नाही गं माहीत. मी घासून, उन्हात टाकून घालवते. परत पिवळा कशाला करायचा?”

“पण होईल का?”

“कुणास ठाऊक. कुंकू हळदीचंच करतात एवढं ठाऊक आहे. माझी आजी हळदीला चुना लावायची, की लाल व्हायची. परत कुणी पिवळी केलेली बघितली नाही.”

अवनी फाटकांच्या घरात पळाली. फ्रिजचं दार वाजलं. ती परत आली ती त्या फितूर लिंबांपैकी एक अर्धं घेऊन. तिने ते डागावर पिळलं.

लाल डागाच्या मधोमध एक पिवळा ठिपका उमटला. रस उतरत गेला तसा ठिपका पसरला. आम्ही सगळे वाकलो. पुष्करने कानातलं दुसरं यंत्रही काढलं.

“एक मिनिट!” अवनी म्हणाली. आतून निळा साबण आणला. घासला. लाल. लिंबू. पिवळा. पुन्हा साबण. पुन्हा लाल. तिचा चेहरा मी आजवर तसा बघितला नव्हता. मागचे चार दिवस आम्ही जी वस्तू शोधत होतो ती फाटकांच्या मोरीत बादलीवर लोंबत होती आणि आम्ही तिच्यासाठी गुन्हेगार शोधत होतो.

“पप्पा, काही मागवायचं नाहीये,” ती म्हणाली. “फाटक आजोबा, हा पंचा मला द्याल?”

“तो पुरावा आहे,” फाटक सवयीने म्हणाले.

“म्हणूनच हवाय.”

फाटकांनी चिमट्यासकट पंचा तिच्या हातात दिला. शौनक काहीतरी बोलणार होता, “बाळा, मी त्याला छान फ्रेम...” पण शैलाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने तोंड मिटलं. हुशार मुलगा आहे.

शनिवारी सकाळी अवनीने टीचरांना नाव दिलं: ‘हळदीची साक्ष’. टीचरांनी विचारलं म्हणे, खर्च किती? ती म्हणाली, हळद घरची, कागद जुन्या वहीचे, लिंबू फुकट गेलेलं. पुढचा आठवडाभर ती हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवत होती आणि इमारतीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्याला काहीबाही लावत होती. चिंच, दही, ताक, खाण्याचा सोडा, पानाचा चुना. पुष्करच्या महागड्या फेसवॉशने कागदाला काहीच झालं नाही, याचं पुष्करला फार वाईट वाटलं. फाटकांनी मदत करू का म्हणून तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने त्यांना कागद वाळवायच्या दोरीवर चिमटे लावायचं काम दिलं, आणि तेही उलटे लावले म्हणून परत काढून घेतलं.

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. सुनीतीवहिनीही वाघोलीहून परत आल्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये सात ज्वालामुखी, पाच पेरिस्कोप आणि एक फिरती सौरमाला होती. सौरमालेपुढे पाटी होती: “प्रकल्प: श्री. व सौ. अमुक, पालक.” टीचर शब्दाला जागणाऱ्या निघाल्या.

कोपऱ्यातल्या टेबलामागे अवनी उभी होती. पाठीमागे दोरीवर पंचा लावला होता आणि त्यावर चिठ्ठी: “पुरावा क्रमांक एक.”

परीक्षक चष्मेवाले, गंभीर गृहस्थ होते. त्यांनी कागद लाल केला, पिवळा केला, पुन्हा लाल केला. मग ज्याची मला भीती होती तो प्रश्न विचारला.

“हळद लाल का होते?”

मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, “पप्पांनी घातलंय.” मला ते ऐकू आलं. अवनीलाही आलं असणार, कारण तिचे कान लाल झाले, साबणाशिवाय. माझा जीव टांगणीला लागला. शेजारी शौनकने स्वतःच्याच तोंडावर हात धरला होता.

“हळदीत एक रंगद्रव्य असतं, साबण, चुना असले पदार्थ लागले की ते बदलतं आणि आंबट लागलं की परत येतं,” ती म्हणाली. “आतमध्ये नक्की काय होतं ते मला अजून नीट समजलेलं नाही. पण कधी होतं आणि कधी होत नाही ते मी सव्वीस वेळा करून बघितलंय. वहीत आहे. दोन वेळा माझं चुकलं, तेही आहे.”

परीक्षकांनी वही घेतली. ते पुढच्या टेबलाकडे जायचं विसरले. पानं उलटत तिथेच खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “चुकलं ते दाखव.”

टीचर जवळ आल्या. त्यांनी टेबलावर एक छोटी चिठ्ठी लावली: “विद्यार्थिनीने स्वतः केले. खात्री केली आहे.” बक्षीस नंतर दुसऱ्याच कुणाला मिळालं, पण अवनीने ती चिठ्ठी घरी नेऊन दारावर लावली. ती अजून आहे.

मी डोळे पुसत होतो, तेवढ्यात टीचर आमच्याकडे वळल्या. “आजोबा, आपण मोकळे आहात का? यंदा सगळ्यांनीच प्रकल्प दिलेत. पाणी द्यायला कुणी नाही.”

अशा रीतीने आवक आणि जावक दोन्ही विभाग ट्रे घेऊन हॉलभर फिरले. मनापासून करावे, असं सूचनेत होतंच. फाटक प्रत्येक पाहुण्याला पेला देताना सांगत होते, “त्या पंच्याचा तपास माझ्याकडे होता.”

तिसऱ्या फेरीला आम्ही अवनीच्या टेबलाशी आलो. तिथे सुनीतीवहिनी तक्ता वाचत होत्या. सुरुवातीलाच, सुवाच्य अक्षरात, पहिलं निरीक्षण होतं: “शुक्रवारी दुपारी फाटक आजोबा टीव्हीसमोर असताना हळदीचे दूध उतू गेले.”

वहिनींनी सावकाश मान वळवली. फाटकांनी घाईने ट्रे त्यांच्यापुढे केला.

“तो भाग विज्ञानासाठी आवश्यक होता,” ते म्हणाले.

“असू दे,” वहिनी म्हणाल्या आणि ट्रेमधला एक पेला उचलला. “एकदा करून काही सिद्ध होत नाही, असं अवनी म्हणते. उद्यापासून तुमचा पंचा तुम्हीच धुवा. सव्वीस वेळा झाला की मला वही दाखवा.”